माझाच दुखवटा

५ मार्च २०२५, राखेचा बुधवार

परवा आम्ही रूथला माती दिली. आणि ह्यांनी मला.

झालं ते असं. रूथ साळवे — महिला मंडळातली माझी सगळ्यात जुनी मैत्रीण. सोमवारी तिचं दफन आटोपून आम्ही दोघं ऑटोनं घरी आलो. मी चहा ठेवला. हे चपला न काढताच खुर्चीत बसलेले. मी वाकून पट्टा सोडवायला लागले, तर पाय मागे ओढून घेतला.

"रहने दीजिए, सिस्टर. मैं कर लूँगा."

हिंदीत! बाहेर जबलपूरची हिंदी, उंबरठ्याच्या आत मराठी — हा ह्यांचाच नियम. आमची लेक वैभवी शाळेतून आल्यावर हिंदीत बोलली तर तिला परत दाराबाहेर जाऊन यायला लावायचे.

मी म्हटलं, "अहो, सिस्टर काय म्हणून राहिले? मी नर्स आहे का?"

"वैभवी ने भेजा है न आपको? अच्छा किया उसने. मैं अभी मिसेस को दफना के आ रहा हूँ."

दोन वर्षांपासून विसरतात. चष्मा, रस्ता, नातवाचं नाव. मला कधीच नाही. कुठं चुकलं की माझ्याकडे बघायचे, आणि मी सांगायची.

आज चर्चमध्ये राख लावायला गेलो. पास्टरनं कपाळावर अंगठा टेकवला, माणूस माती आहे, मातीलाच मिळणार, ह्याची आठवण करून दिली. शेजारी हे. राख लावून घेतली आणि हळूच म्हणाले, "पास्टर जी, मेरी मिसेस के लिए भी दुआ कीजिए." पास्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

घरी येऊन कपाळ धुतलं नाही.

७ मार्च

सगळं करून पाहिलं. लग्नाचा फोटो समोर धरला. माझं आधार कार्ड धरलं. आरशापुढं दोघांना उभं केलं. हे आरशात माझ्याकडे बघून हात जोडतात — "आप बहुत अच्छी हैं, सिस्टर, पर मज़ाक मत कीजिए." डोळे भरलेले.

वैभवीला भोपाळला फोन केला. रडली. मग डॉक्टरांशी बोलून परत फोन — "आई, वाद घालू नकोस म्हणतात. जितकं पटवशील तितके घाबरतील. कदाचित येतील परत, कदाचित नाही."

कुठून परत? मी इथंच आहे ना!

९ मार्च

जेवले नाहीत. दुखवट्यात आहेत. मीच वरण-भात वाढला, मीच ताट उचललं.

१९ मार्च

आज माझंच चुकलं.

मला वाटलं, हे कपड्यांमुळे होत असेल. घरात मी गाऊन घालते, केस वर बांधते — सिस्टरसारखीच दिसत असेन. म्हणून ती हिरवी साडी काढली, वैभवीच्या लग्नात ह्यांनी स्वतः निवडलेली. केस मोकळे केले, पावडर लावली. हे खिडकीपाशी बसले होते, ऊन पाठीवर. मी दारात उभी राहिले. हसले.

ह्यांनी पाहिलं. ओळखलं — मी शपथेवर सांगते, ओळखलं! आणि जी किंकाळी फोडली!

खुर्चीसकट मागे सरकत भिंतीला टेकले. हात पुढे केला. "येशूच्या नावानं सांगतो — निघ! तू विनीता नाहीस! मी माती दिली तिला, माझ्या हातानं दिली! येशूच्या नावानं निघ!"

मराठीत. माती दिल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलले — ते हे.

मी निघाले. दुसरं काय करणार? जिना उतरून राखीकडे गेले. राखी खाली राहते, रिछाईच्या एका फॅक्टरीत हिशोब बघते. आज तिची सुट्टी होती हे बरं. तिनं काही विचारलं नाही. "काकू, बसा." आपला सलवार-कुर्ता दिला, साडीची घडी केली, माझे केस बांधून दिले.

मग मी वर गेले. सिस्टर म्हणून.

हे घामानं भिजलेले. माझा हात धरला. "सिस्टर, वो आई थी. यहीं, दरवाज़े में. ईसाई आदमी को भूत-प्रेत नहीं मानना चाहिए. पर मैंने देखा."

मी पाणी दिलं. म्हटलं, "अब चली गई."

२३ मार्च

येशूनं भुतं काढली त्या गोष्टी संडे स्कूलमध्ये मुलांना किती वेळा सांगितल्या असतील. मुलं विचारायची, "टीचर, भूत निघून कुठं गेलं?" मी भूत डुकरांत शिरलं ती गोष्ट सांगून मोकळी व्हायची.

आता कळतं. भूत खाली राखीकडे जातं, चहा पितं आणि परत येतं.

ती साडी राखीच्याच कपाटात राहू दिली.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

चर्चमध्ये बारा ते तीन. बाहेर ऊन असं, की खिडक्यांच्या काचा तापलेल्या. ह्यांना पंख्याखाली बसवलं. मी मागं एका बाकावर — सिस्टर शेजारी बसली तर लोक काय म्हणतील, असं हेच म्हणाले.

बायका माझ्याशी हळू आवाजात बोलतात. आजारी माणसाच्या घरच्यांशी बोलावं तशा नाही, मयतीला आल्यासारख्या. मंडळींत सगळ्यांना माहीत झालंय. आधी दोघी-तिघींनी ह्यांना समजावलं, "अंकल, ये रहीं आंटी." ह्यांचा चेहरा असा पडायचा, की आता कोणी म्हणत नाही. मंडळीनं मला मेलेली मान्य केलंय. दयेपोटी.

वधस्तंभावर येशूनं विचारलं, तू मला काहून सोडलं. दरवर्षी ऐकते. यंदा ऐकताना उत्तराची वाट पाहिली. पंख्याचाच आवाज.

येताना ऑटोत हे आपणहून बोलायला लागले, माझ्याबद्दल. विनीता भात करपवायची आणि वर म्हणायची, करपलेल्यालाच चव असते. विनीता भांडली की भिंतीकडे तोंड करून झोपायची, पण पाय मात्र ह्यांच्या पायाला लावून ठेवायची. "ऐसी थी," म्हणाले. हसले. मग रुमाल काढला.

इतक्या वर्षांत हे मला कधी बोलले नाहीत. सिस्टरला बोलतात!

मला त्या मेलेल्या बाईचा हेवा वाटला. आजच्या दिवशी. देवा, क्षमा कर.

२० एप्रिल, ईस्टर

पहाटे कब्रस्तानात उपासना. कबरींवर मेणबत्त्या, मोगरा. ह्यांनी रूथच्या कबरीपाशी — म्हणजे माझ्या — मोगऱ्याची ओंजळ ठेवली. अजून दगड बसलेला नाही, नुसता मातीचा उंचवटा. ओणवे होऊन मातीवर हात फिरवला. पाठ थोपटल्यासारखा.

पास्टरनं येशूच्या शिष्येचं, मरीयेचं सांगितलं. ती येशूच्या रिकाम्या कबरीपाशी रडत होती; तोच जिवंत समोर उभा, आणि तिला वाटलं हा माळी आहे. लहानपणापासून मला तिचा राग यायचा. ज्याच्या मागं गावोगाव फिरलीस त्याला ओळखत नाहीस? आज पहिल्यांदा वाटलं, माळी समजला गेला त्याला काय वाटलं असेल! एवढं मरण सोसून आला, आणि ती विचारते, तुम्ही त्याला कुठं ठेवलंय.

सगळे एकमेकांना म्हणत होते, प्रभू उठला आहे. ह्यांनी मलाही म्हटलं. हिंदीत.

१४ मे

गरमीनं जीव नकोसा. दोन्ही वेळा पन्हं. कूलरमध्ये पाणी भरताना म्हणाले, "सिस्टर, आपका घर नहीं है क्या? छुट्टी नहीं लेतीं?"

८ जून, पेंटेकॉस्ट

हे लिहिताना हसू येतं आणि भीतीही वाटते.

चर्चहून आल्यावर मी पोळ्या करत होते. तवा तापलेला, बोट भाजलं, तोंडातून गेलं — "आई गं! मेला तवा!"

हे दारात. "तुम्हाला मराठी येतं?"

मी काय म्हणू? म्हटलं, "येतं."

"अरे! मग इतके दिवस हिंदीत काहून बोलून राहिलो आपण?" आणि वेताचा मोढा ओढून स्वयंपाकघरातच बसले. "विनीता गेल्यापासून घरात मराठी नाही झाली, सिस्टर. तोंड बांधल्यासारखं वाटत होतं."

बोलत राहिले. वडील जालन्याच्या मिशनात होते ते, जबलपुरात नवीन असताना सदर बाजारात खाल्लेली पहिली खोव्याची जलेबी, रेल्वेतले साहेब. मला सगळं पाठ. सगळं नव्यानं ऐकलं, मध्येमध्ये "मग?" म्हटलं. पोळ्या गार झाल्या.

'तुम्ही' म्हणतात. कायम 'तू' म्हणायचे. तरी मराठीत! आज सकाळीच उपासनेत ऐकलं होतं — आत्मा आला आणि प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं.

पण हेही लिहून ठेवते: बोलता बोलता मी एकदा त्यांच्या खांद्यावरचं पीठ झटकलं, आणि ते दचकून दूर सरकले.

१३ जुलै

आठवडाभर संततधार. बरगी धरणाचे दरवाजे उघडले म्हणून सांगतात. सकाळपासून ह्यांचा जीव थाऱ्यावर नाही. "तिला ओल सोसत नाही. छातीत भरतं लगेच."

शेवटी निघालो. कब्रस्तानात घोट्यापर्यंत चिखल. उंचवटा खचलाय, एका अंगानं माती वाहून गेलीय. ह्यांनी पिशवीतून प्लास्टिक काढलं — कूलर झाकतो ते — आणि कबरीवर पसरायला लागले. वाऱ्यानं उडतंय, हे परत पसरतात. मी छत्री धरली होती. मग छत्री मिटवली आणि मीही गुडघ्यावर बसले. चार कोपऱ्यांना चार विटा. भिजून चिंब दोघं.

"आता बरं वाटेल तिला," म्हणाले.

मी प्रार्थना केली. कोणासाठी, ते कळलं नाही. रूथसाठी म्हणून सुरू केली. मध्येच कुठंतरी माझं स्वतःचं नाव आलं, आणि ते ऐकून अंगावर काटा आला. कारण खरंच वाटलं, की ती आहे खाली. थंडीनं कुडकुडून राहिली आहे. आणि वर मी कोण?

१५ जुलै

ह्यांना ताप नाही. मला आला.

२८ ऑगस्ट

कपाट उघडून माझी करडी शाल काढली. मला दिली. "घ्या, सिस्टर. ती असती तर तिनंच दिली असती. पावसात भिजून माझ्यामुळं आजारी पडलात."

थँक्यू म्हटलं. घेतली.

हल्ली आरशात बघताना मलाही जरा वेळ लागतो. काल पोस्टमन दारात — "विनीता उजागरे?" — आणि मी म्हणाले, "वो नहीं हैं." जीभ चावली, सही केली. हसावं की काय करावं!

१२ ऑक्टोबर, कापणीचा सण

वेदीपुढं भोपळे, भुट्टे, तांदळाच्या पाट्या. कुंडमकडच्या खेड्यांतली मंडळी कोदो धान्य घेऊन आली होती. अर्पणाच्या लिलावात ह्यांनी पपई घेतली — जोरजोरात बोली लावून! लोक हसले, हेही हसले. कितीतरी महिन्यांनी.

संध्याकाळी पपई कापताना गीत म्हणायला लागले. मी दुसरा सूर धरला. आमचं जुनंच. हे थांबले, माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं — आता. आता ओळखतील.

म्हणाले, "सिस्टर, फार गोड गळा आहे हो तुमचा."

आणि लाजले. पंचाहत्तरीचा माणूस, कानापर्यंत लाल!

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. सकाळी कब्रस्तान माणसांनी भरलेलं. कबरी धुतलेल्या, चुना लावलेला, झेंडूच्या माळा.

मला ठाऊक होतं की रूथच्या मुलानं, अनुपमनं, दगड करायला टाकलाय. आजच बसेल हे नव्हतं ठाऊक. लांबूनच पांढरा क्रूस दिसला. ह्यांना दुसरीकडे वळवायचा प्रयत्न केला. ऐकतात का?

वाचलं. परत वाचलं. "रूथ साळवे? ही रूथ साळवे कोण?" आवाज चढला. "इथं माझी विनीता आहे! कोणी लावला हा दगड? उचला!" दोन्ही हातांनी क्रूस हलवायला लागले. ओलं सिमेंट. माणसं वळून पाहायला लागली.

अनुपम आपल्या बायको-मुलांसोबत तिथंच उभा. आई गेल्यानंतरच्या पहिल्याच मृतांच्या दिवशी. मला धरणी गिळेल तर बरं असं झालं. मी हात जोडले त्याच्यापुढं.

अनुपम पुढं आला. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अंकल, गलती झाली हो. दगडवाल्यानं चुकून इथं लावला. बदलून घेऊ आपण." आणि आपल्या हातातली झेंडूची मोठी माळ, आईसाठी आणलेली, अशी घातली की नाव झाकलं गेलं. "बसा अंकल. काकूंसाठी प्रार्थना करा. आम्ही पण करतो."

दोन्ही घरं बसली एका कबरीभोवती. ह्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. अनुपम मान खाली घालून आईसाठी रडत होता. मी अनुपमच्या मुलीचा हात धरून ठेवला.

निघताना त्याला म्हटलं, "बेटा, काय म्हणू." तो म्हणाला, "काकू, आईला चाललं असतं. तिला गर्दी आवडायची."

रूथ असती तर हसत सुटली असती. ते आठवलं आणि घरी येऊन बाथरूममध्ये तोंडात पदर कोंबून हसले. रडू नाही येत. मार्चपासून एकदाही आलेलं नाही. हसूच येतं, तेही असं.

३० नोव्हेंबर, आगमनाचा पहिला रविवार

पास्टर संध्याकाळी आले. ह्यांना झोप लागली होती. बसले, उठले, परत बसले.

"आंटी जी, कैसे बोलूँ. शमुवेल अंकल आज उपासना के बाद वेस्ट्री में, मेरे कमरे में आए थे. रो रहे थे."

"काय म्हणाले?"

"बोले कि इस सिस्टर को कहीं और भिजवा दीजिए. मेरा मन उसकी तरफ़ जा रहा है. विनीता को गए साल भी नहीं हुआ. यह पाप है."

आधी मला समजलंच नाही. मग समजलं.

मी माझीच सवत झाले!

पास्टर बिचारे चष्मा पुसत होते. म्हणाले, सेमिनरी में ऐसा कुछ नहीं पढ़ाया. मी विचारलं, "मी काय करू?" म्हणाले, "मुझे सच में नहीं पता, आंटी जी." त्यांचा मला राग आला नाही. खरं बोलले.

माझ्यावर एवढं प्रेम, की त्यापायी मलाच घराबाहेर काढायला निघालेत. हे आधी कळलं असतं तर किती आनंद झाला असता! आता हे प्रेम घेऊन मी उभी राहू कुठं?

१ डिसेंबर

स्वतःच बोलले. नाश्त्याला. मान वर न करता. "सिस्टर, तुमची काही चूक नाही. पण तुम्ही जा. वैभवी दुसरं कोणी पाठवेल. मला विनीताला तोंड दाखवायचंय."

वैभवीला फोन केला, ती दुपारच्या गाडीनं आली. मी पिशवीत चार कपडे भरले. दारात हात जोडून उभे होते. मी जिना उतरले. राखीचं दार उघडंच होतं.

४ डिसेंबर

राखीच्या पलंगावर पडून वरची पावलं ऐकते. खिडकी, कॉट, खिडकी. आता स्वयंपाकघर. आता थांबलेत.

सगळी वर्षं त्या पावलांच्या शेजारी राहिले. खालून कशी वाजतात ते ठाऊक नव्हतं. मेलेल्यांना असंच ऐकू येत असेल का? छत, आणि छतावर आपली माणसं.

९ डिसेंबर

वैभवी खाली आली. जेवत नाहीत म्हणाली. दाढी करू देत नाहीत. सारखं विचारतात — त्या सिस्टरचं घर कुठं आहे, तिला कोणी आहे का, थंडीत तिला शाल आहे का.

मग म्हणाली, "आई, बस कर आता. भोपाळमध्ये एक जागा पाहिलीय. चांगले लोक आहेत. बाबांना तिथं ठेवू, तू माझ्याकडे राहा. तुझंही काही आयुष्य आहे. ते नाही येणार परत, आई."

मी म्हटलं, विचार करते.

राखी मुगाचे मंगोडे तळत होती. पाठमोरीच म्हणाली, "काकू, एक विचारू? तुम्हाला कोण पाहिजे? वर जे आहेत ते, की पहिले होते ते?"

राग आला तिचा. रात्रभर नाही गेला.

१४ डिसेंबर, आगमनाचा तिसरा रविवार

आगमन म्हणजे वाट पाहायचे दिवस. चार रविवार, चार मेणबत्त्या. सगळं आयुष्य मुलांना हेच शिकवलं.

आज चर्चमध्ये एकटीच बसले, आमच्या जुन्या बाकावर. तिसरी मेणबत्ती पेटवली. मनात आलं, मी मार्चपासून वाटच पाहतेय. रोज, प्रत्येक घासाला. ते वळतील आणि 'अगं' म्हणतील. देवाकडेही तेच मागितलं: परत दे. जसं होतं तसं परत दे. ज्यांना मसीहा पाहिजे होता त्यांनी राजाची वाट पाहिली, आणि आलं एक तान्हं बाळ, ज्याला कोणी ओळखत नव्हतं. त्याचं नव्यानं सगळं करावं लागलं, न्हाऊमाखू घालण्यापासून.

वर आहे तो माणूस पपईची बोली लावतो. लाजतो. अनोळखी बाईला थंडी वाजेल म्हणून जेवत नाही. चांगला माणूस आहे. मला तो आवडतो. हे लिहून पाहिलं, खोटं वाटलं नाही.

घरी येऊन राखीला म्हटलं, वर जाते. ती म्हणाली, "साडी देऊ?" म्हटलं, "नको. तू ठेव. तुला शोभेल."

बेल वाजवली. माझ्याच दाराची बेल. हेच आले. दाढी वाढलेली, स्वेटरची बटणं खालीवर. बघत राहिले.

म्हटलं, "नमस्कार. मला काम पाहिजे. तुमची विनीताबाई जशी होती तशी राहू दे मनात. मी तिची जागा घ्यायला आले नाही."

मग दार पूर्ण उघडलं. "आत या. बाहेर गारठा आहे."

वैभवी आतून बघत होती. तोंडावर हात.

२५ डिसेंबर, नाताळ

वैभवी, जावई, नातू — सगळे. करंज्या मी केल्या. हे म्हणाले, सिस्टर, एकदम विनीतासारख्या झाल्यात. मी म्हटलं, थँक्यू.

भोपाळच्या जागेचं वैभवीनं परत काढलं नाही.

११ जानेवारी २०२६

दुपारी गच्चीत ऊन खात बसलो होतो. मी मटार सोलत होते, हे दाणे वाटीत टाकत होते. मध्येच म्हणाले, "सिस्टर, एवढे दिवस मी आपलंच रडगाणं लावलं. तुमचं कधी विचारलंच नाही. तुमचे मिस्टर?"

माझ्या तोंडून गेलं — "वारले."

"कधी?"

"मार्चमध्ये."

मटाराची वाटी बाजूला ठेवली. "नाव काय त्यांचं?"

मी ह्यांचं नाव कधी घेतलेलं नाही. ह्यांच्यासमोर तर नाहीच. घेतलं. "शमुवेल."

"चांगलं नाव." कानटोपी काढली, माझा आधार घेत गुडघ्यावर बसले, डोळे मिटले. "हे प्रभू, तुझा सेवक शमुवेल तुझ्याकडे आला आहे. त्याला तुझ्या शांतीत ठेव. ह्या बाईनं त्याची फार सेवा केली असणार. तिला सांभाळ."

मी आमेन म्हटलं. आणि मग रडले. मार्चपासूनचं सगळं — मोठ्यानं, गच्चीत, लोकांच्या देखत.

ह्यांनी थांबवलं नाही. शेजारी बसून राहिले. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

"रडा, सिस्टर. मी आहे."